आभाळातले मास्तर

नौबादेत शिकवणाऱ्या शिक्षकाला एक सवय आपोआप जडते. वाक्य अर्ध्यावर आलेले असताना तो थांबतो, खिडकीकडे न पाहता क्षणभर तसाच उभा राहतो आणि आवाज ओसरला की सुटलेल्या शब्दापासून पुढे चालू लागतो. नवा बदलून आलेला शिक्षक पहिले काही दिवस आवाजावर आवाज चढवून पाहतो. मग घसा बसतो आणि शहाणपण येते. बीदरचे हवाई दलाचे ठाणे आमच्या शेजारी आहे आणि तेथे वैमानिक घडवले जातात. म्हणजे आम्ही खाली मुलांना शिकवीत असतो त्याच घटकेला वर आभाळात कोणी तरी कोणाला तरी शिकवीत असते. शेजारधर्म म्हणून एकाने थांबायचे. ते आम्ही थांबतो.

गेल्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गावर समास शिकवीत होतो. ‘मध्यमपदलोपी’ या शब्दाशी आलो आणि डोक्यावरून विमान गेले. थांबलो. तेवढ्या अवकाशात मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, तुम्ही लहान होता तेव्हा हेच विमान होतं का?”

“नाही रे. तेव्हा वेगळं होतं. लहानसं, पंखा असलेलं.”

“मग ते आता कुठं आहे?”

मुलांच्या प्रश्नांपैकी निम्मे प्रश्न तास टाळण्यासाठी असतात, हे तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. हाही त्यातलाच असावा. पण उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि लक्षात आले की मला ते ठाऊक नाही. ज्याच्या आवाजाने माझे सारे बालपण भरून गेले होते, ते विमान कुठे गेले याची मी कधी चौकशीच केली नव्हती. त्या प्रश्नाच्या मागे लागून गेले वर्षभर जे वाचले, पाहिले, विचारले, ते या महिन्याच्या पानात सांगतो. विमाने हा काही मराठीच्या मास्तराचा विषय नव्हे, हे मान्य. पण आभाळ सर्वांचे असते.

त्या विमानाचे नाव एचटी-टू. हिंदुस्तान ट्रेनर, क्रमांक दोन. एकामागे एक अशी दोन आसने, नाकाशी एकच एंजिन, तेही १५५ अश्वशक्तीचे, आणि वेग फार तर ताशी २१० किलोमीटर. त्या काळी बीदरला वैमानिकांची प्राथमिक शाळा होती, आणि ज्याला आयुष्यात पहिल्यांदा जमीन सोडायची आहे अशा मुलाला या विमानात बसवीत. सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्यांचा सराव सुरू होई. चाके धावपट्टीला टेकली न टेकली तोच विमान पुन्हा उठे, एक फेरा घेई, पुन्हा टेके. आवाज गावातल्या पिठाच्या गिरणीसारखा, मध्येच दाणे संपल्यासारखा हलका होणारा. एखादे विमान उतरताना दोन-तीनदा उसळले की माझे वडील अंगणातून म्हणत, “नवी तुकडी आलेली दिसते.” पुढे पंधरवड्यात उसळणे थांबे. वर्ग शिकतो आहे हे बाहेर उभ्या माणसाला आवाजावरून कळावे, हे भाग्य आमच्या पेशात कोणाला लाभते?

मग १९८० च्या दशकात केव्हा तरी गिरणीचा आवाज बदलला. एचटी-टूची जागा दीपक नावाच्या नव्या विमानाने घेतली आणि १९९० च्या सुमारास जुने विमान हवाई दलातून पुरते गेले. नौबादेत कोणाच्या ध्यानातही आले नाही. मी त्या दिवसांत कॉलेजात होतो. मराठी साहित्यातील लुप्त झालेल्या हस्तलिखितांवर टिपणे काढीत होतो.

हे विमान ज्यांनी आखले ते गृहस्थ मराठी होते, हे मला नोकरीला लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळले, आणि कळले तेव्हा आनंदापेक्षा लाज अधिक वाटली. डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातला. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विमानाच्या पंखाला चाटून जाणारा हवेचा एक अगदी पातळ थर असतो. त्या थराच्या वागणुकीवर विमान किती सहज उडते हे पुष्कळसे ठरते. हे शास्त्र ज्यांनी घातले ते हे प्रांटल. तेव्हा घाटगे विद्येच्या उगमाशीच जाऊन बसले होते. परत आले ते अशा देशात, की जेथे विमान तयार करणारा एकही कारखाना नव्हता.

तो कारखाना निघाला १९४० च्या डिसेंबरात, बंगळुरात. आणि काढणारे होते आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद. म्हैसूर संस्थानाने साहाय्य केले. घाटगे आरंभापासून या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये होते. दुसरे महायुद्ध चालू असतानाच त्यांनी दहा माणसे बसतील असे एक बिनएंजिनाचे ग्लायडर आखून दाखविले. १९४२ साली बंगळुरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा तेथे शिकवायलाही हेच. आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे एचटी-टू प्रथम उडाले. स्वातंत्र्याला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. पुढे घाना देश स्वतंत्र झाला आणि त्याने आपले हवाई दल उभे केले, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना धुळाक्षरे गिरवायला आपल्याकडून बारा एचटी-टू गेली. आमच्या नौबादेच्या आभाळातला मास्तर आफ्रिकेतही शिकवून आला होता तर!

घाटग्यांच्या हाताखाली पुढे आणखी विमाने झाली. फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, तोफखान्याला टेहळणीसाठी कृषक, आणि १९६४ च्या ४ सप्टेंबरला प्रथम उडालेले किरण. नावे पाहा कशी निवडली आहेत. एकही उग्र नाही. किरणला पंखा नाही, जेट एंजिन आहे, आणि त्यात गुरू-शिष्य एकामागे एक न बसता शेजारी शेजारी बसतात. शिष्याचा हात कुठे थरथरतो हे गुरूला थेट दिसावे म्हणून. शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मला बैठकव्यवस्थेचे याहून चांगले कारण आढळलेले नाही. या किरणची पहिली भरारी घेतली विंग कमांडर सुरंजन दास यांनी. त्यांनीच १९६१ च्या जूनमध्ये मरुत हे आपले पहिले लढाऊ जेट प्रथम उडवले होते, आणि १९७० च्या जानेवारीत मरुतच्याच एका चाचणीत त्यांचा अंत झाला.

येथपर्यंत माझा शोध सुरळीत चालला होता. पण ‘आता कुठं आहे?’ या मूळ प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा भलत्याच विमानांची गाठ पडली, आणि त्यांतले एक तर माझ्या आजोळच्या आठवणीतून निघाले.

माझे आजोळ बसवकल्याण तालुक्यात, राजेश्वरच्या बाजूला. पोलीस कारवाईच्या वेळी आजी ऐन तिशीत होती. ती सांगे, की ज्वारी कमरेच्या वर आली होती. बायका शेतात होत्या. सोलापूरच्या अंगाने दोन विमाने एकामागे एक आली आणि इतकी खालून गेली की कणसे लवली. साऱ्या जणी सरीत पालथ्या पडल्या. मग रस्त्याच्या बाजूला धडाड असे आवाज. आजी एवढेच सांगून थांबत असे. विमानांनंतरच्या आठवड्यांत आमच्या या भागात माणसांनी माणसांशी जे केले, त्याबद्दल ती कधी बोलली नाही. कोणत्याच समाजातील त्या पिढीची माणसे फारशी बोलत नाहीत.

कागदोपत्री हीच गोष्ट अशी आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरकडून निघून नळदुर्गाजवळ संस्थानात शिरली. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून पुढे राजेश्वरकडे जाताना वाटेत दबा धरून बसलेल्या तुकड्या विमानातून टेहळणी करणाऱ्यांना दिसल्या. तेव्हा टेंपेस्ट जातीच्या विमानांना पाचारण करण्यात आले; त्यांनी वाट मोकळी केली आणि दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आले. १७ तारखेच्या पहाटे सेना बीदरमध्ये आली. आजीच्या ज्वारीवरून गेलेली ती टेंपेस्ट. एकाच माणसाची बैठक, अठरा सिलिंडरांचे अडीच हजारांहून अधिक अश्वशक्तीचे एंजिन, पंखांत चार तोफा. घाटग्यांच्या एचटी-टूची सोळा-सतरा एंजिने एकत्र बांधावीत तेव्हा या एकाची बरोबरी व्हावी!

आणि आमच्या बीदरच्या धावपट्टीची त्याच्या आधीच्या काही महिन्यांतील कथा तर याहून चमत्कारिक आहे. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन साहसी वैमानिक होता. महायुद्धाच्या तोंडावर गुप्तपणे विमानातून छायाचित्रे घेण्याचे तंत्र त्याने बसवले आणि त्याबद्दल त्याची वाहवाही झाली. १९४८ मध्ये हाच गृहस्थ निजाम सरकारसाठी कराचीहून रात्रीच्या रात्री शस्त्रे आणून बीदर, वरंगळ अशा धावपट्ट्यांवर उतरवीत होता. पुढे इंग्लंडमध्ये त्याला या उद्योगाबद्दल दोनशे पौंड दंड झाला. संस्थानात काय काय घडले ते पाहता स्वस्तात सुटला म्हणायचा. त्याची विमाने लँकेस्ट्रियन जातीची होती, म्हणजे लँकेस्टर या बाँबफेकी विमानाचे केलेले मालवाहू रूप. लँकेस्टर आजही जगात काही ठिकाणी जपलेली आहेत, त्यांतली दोन तर उडतातही. त्यांच्याच पोटी आलेली लँकेस्ट्रियन मात्र भंगारात गेली. लढलेल्याची आठवण राहते, ओझी वाहिलेल्याची राहत नाही, हा मला मिळालेला पहिला धडा.

दुसरा धडा टेंपेस्टने दिला. इंग्रजांनी आपली टेंपेस्ट युद्धानंतर काही वर्षांत मोडून काढली. आपल्याकडे ती १९५० च्या दशकात निवृत्त झाली, परंतु मोडायलाही माणूस आणि पैसा लागतो. त्यामुळे कित्येक सांगाडे विमानतळांच्या कडेला, पावसात, गवतात तसेच उभे राहिले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील जुन्या विमानांच्या शौकिनांना याचा सुगावा लागला. त्यांनी येथे येऊन ते सांगाडे रीतसर विकत घेतले आणि जहाजाने नेले. लंडनच्या शाही हवाई दलाच्या संग्रहालयात जे टेंपेस्ट-टू उभे आहे, ते आपल्याकडून गेलेले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात एक टेंपेस्ट-टू कित्येक दशकांनी पुन्हा आभाळात गेले. तेही पूर्वी भारतीय हवाई दलात होते. आजीच्या ज्वारीवरून गेलेले ते हेच, असे म्हणायला मला काही आधार नाही. पण चित्र पाहताना माझे लक्ष पंखांऐवजी खालच्या शेताकडे गेले, हे खरे.

लिबरेटरची कथा याहूनही नवलाची. महायुद्धात अमेरिकेने या चार एंजिनांच्या बाँबफेकी विमानांची अठरा हजारांवर संख्या काढली. युद्ध संपल्यावर कानपूरला अशी कितीतरी विमाने सोडून देण्यात आली. आणि ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाताना त्यांची मोडतोडही करण्यात आली. वर्ष-दोन वर्षांनी नव्या स्वतंत्र देशाला बाँबफेकी विमाने हवी होती आणि खजिना रिकामा होता. हिंदुस्तान एअरक्राफ्टची मंडळी कानपूरला गेली. एकाचा पंखा, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याची काच असे करीत त्यांनी ती उडण्याजोगी केली, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुनशी यांनी ती एकेक करून बंगळुरला नेली. परदेशी जाणकारांनी हे अशक्य म्हणून सांगितले होते. त्या भंगारातून जवळजवळ चाळीस लिबरेटर उभी राहिली आणि १९६८ च्या अखेरपर्यंत आपल्या सेवेत होती. तोवर उरलेल्या जगात ती जवळपास नामशेष झाली होती. म्हणून आज जी थोडी शिल्लक आहेत, लंडनला, अमेरिकेत अ‍ॅरिझोनात, कॅनडात, त्यांतली बरीचशी आपल्या हवाई दलाने उडवलेली आहेत.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक लिबरेटर आहे, एक टेंपेस्ट आहे, आणि वापिती जातीचे एक दुपंखी विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापितींवर. या जातीचे पूर्ण विमान जगात आता तेवढे एकच उरले आहे असे मानतात. मी पाहिले तेव्हा त्याच्याभोवती कोणी नव्हते. सगळी गर्दी बाहेरच्या मिगपाशी छायाचित्रे काढीत होती.

सांगायचे असे, की या दुर्मीळ विमानांना कोणी जाणूनबुजून वाचवले नाही. आपल्या गरिबीने त्यांना वाचवले. टाकून देणे परवडत नव्हते म्हणून आपण वापरत राहिलो, आणि वापरता येईना तेव्हा विसरून गेलो. आमच्या आजीच्या फडताळात तांब्याचा एक गडू असाच राहिला होता. पण परक्याची वस्तू आपल्या घरात नकळत जपली गेली, आणि आपल्या हाताने घडवलेल्या वस्तूचे काय? टेंपेस्टसाठी समुद्र ओलांडून कोणी तरी आले. एचटी-टूसाठी कोण येणार?

हा प्रश्न घेऊन दिवाळीच्या सुटीत बंगळुरला गेलो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे एक संग्रहालय तेथे २००१ पासून आहे. मरुत आहे, किरण आहे, आणि अंगणात एचटी-टू आहे. चाळीस वर्षांनी समोर आले आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हे एवढेसे होते? लहानपणीचे शिक्षक पुन्हा भेटले की असेच वाटते. पंखावर हात ठेवला. राखणदाराने हटकले नाही, उलट विचारले, “उडवत होता का?” मी म्हटले, “नाही, खाली राहत होतो.”

विमान जपणे ही सोपी गोष्ट नव्हे, हे त्या दिवशी तेथील एका जाणत्या माणसाने समजावून सांगितले. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असा आपला समज. पण त्यात पोलादाचा खिळा असेल आणि दोघांच्या मध्ये पावसाचे पाणी शिरले, तर खिळ्याभोवतीचा पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा झडू लागतो. बाहेरून रंग चकचकीत, आतून पोखरलेले. काचेसारखे दिसणारे ते छत उन्हाने पिवळे पडते आणि तडकते. टायर उभ्या उभ्या चपटे होतात. पंखांच्या पोकळीत पारवे घरटी करतात आणि त्यांची विष्ठा धातूला खाते. चौकात चबुतऱ्यावर तिरके उभे केलेले विमान दिसायला झोकदार. त्याच्या पोटात साठलेले पाणी जायला भोके ठेवलेली नसली, तर दहा पावसाळ्यांत ते आतून संपते. दर काही वर्षांनी रंगाचा हात देतात तो पोखरलेल्यावर. हे ऐकताना मला आमच्या बीदरच्या महमूद गावानच्या मदरशाची आठवण झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात त्याचा पुढचा बराच भाग उडाला. एक मिनार उरला. उरलेले तसेच राखले आहे, पडलेले नव्याने उभे करून ठेवलेले नाही. विमानांच्या शौकिनांत मात्र यावर मोठा वाद आहे. सांगाड्यातले निम्मे सामान नवे घालून ते उडवावे, की जुने आहे तेवढे राखून जमिनीवरच ठेवावे? उडवणारे म्हणतात, विमानाचा आवाज हाच त्याचा जीव. राखणारे म्हणतात, सगळेच बदलले तर राहिले काय, नावाची पाटी? संहितेची पाठचिकित्सा करणाऱ्यांचे भांडण याहून वेगळे नसते. मी स्वतः राखणाऱ्यांच्या बाजूचा. परंतु त्या गिरणीचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार असेल तर पक्ष बदलीन, हेही कबूल करून टाकतो.

आता किरणविषयी. एचटी-टू गेले ते आम्हाला न कळता गेले. किरण आमच्या डोळ्यांदेखत गेले. १९९६ साली बीदरला सूर्यकिरण हा कसरतींचा संघ स्थापन झाला. नऊ किरण एकमेकांना खेटून, जणू एकाच दोरीत ओवलेली, आमच्या गच्च्यांवरून सराव करीत. देशभर लोक तिकीट काढून, प्रवास करून जे पाहायला जात, ते नौबादेतल्या बायका पापड वाळत घालता घालता पाहत. त्याची किंमतही येथेच मोजली गेली. २००६ च्या मार्चमध्ये बीदरजवळ सरावात संघातले दोघे वैमानिक गेले. २००९ च्या जानेवारीत आणखी एक. त्या दोन्ही दिवशी दुपारनंतर आभाळ रिकामे होते आणि वर्गात मला न थांबता शिकवता आले. तशी शांतता नको वाटते.

२००८ पासून बीदरला हॉक ही नवी जेट आली. २०११ च्या फेब्रुवारीनंतर किरण विमाने शिकवण्याच्या कामाला हवीत म्हणून संघाचे प्रयोग थांबले, आणि काही वर्षांनी संघ पुन्हा उभा राहिला तो हॉकवर. नाव सूर्यकिरण, विमान किरण नव्हे. मध्यमपद नव्हे, पण उत्तरपद लोपले खरे! २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगढला मिग-२१ निवृत्त झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी पाने भरली, माणसे डोळे पुसताना दिसली. ते योग्यच झाले. परंतु त्या मिगवर बसलेल्या वैमानिकांपैकी कित्येकांनी त्याआधी कोणत्या तरी किरणमध्ये, शेजारी बसलेल्या मास्तराचे बोलणे खाल्ले असणार.

म्हणून मी आमच्या शाळेतर्फे एक अर्ज लिहिला. मागणी एवढीच, की निवृत्त होणाऱ्या किरणपैकी एक बीदर शहरात, छपराखाली, ठेवावे. आणि त्याच्या पाटीवर वजन-लांबीबरोबर ते आखणाऱ्यांचे नाव कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजीत असावे. अर्ज ज्या कार्यालयाला केला त्याचे नाव येथे घेत नाही. पहिले उत्तर आले, की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे. दुसऱ्या पत्राला उत्तर आले, की मागणी कोणत्या योजनेखाली आहे ते कळवावे. तिसरे पत्र मी या महिन्यात पाठवले आहे. नौबादेच्या माणसाला या बाबतीत धीर धरता येतो. बहामनी काळात आमच्या पायाखालच्या जांभ्या खडकात खोदलेला करेज, म्हणजे पाणी वाहून नेणारा भुयारी पाट, शतकानुशतके गाळाने भरून पडला होता. वर घरे झाली, रस्ते झाले. दहा-बारा वर्षांपूर्वी तो उपसला गेला आणि लोक पाहायला येऊ लागले. आम्ही जन्मभर वर पाहत होतो. खाली काय आहे ते बाहेरच्यांनी येऊन दाखवले.

दरम्यान सातवीच्या त्या वर्गाने एक काम आपण होऊन अंगावर घेतले आहे. त्यांनी शंभर पानी वही केली आहे आणि घरोघर म्हाताऱ्या माणसांना ‘तुम्ही कोणतं विमान पाहिलं?’ असे विचारून ते लिहून आणतात. मराठीत सांगितले तर मराठीत, कन्नडात सांगितले तर कन्नडात. शुद्धलेखन मी तपासत नाही, हे प्रशिक्षण खात्याला कळू नये. ठाण्याच्या भटारखान्यात चाळीस वर्षे पोळ्या केलेल्या एका आजोबांनी सांगितले, की पहिल्यांदा एकटे उडून आलेला मुलगा त्या दिवशी जेवताना बोलत नसे, आणि ते त्याला न विचारता एक पोळी अधिक वाढत.

गेल्या आठवड्यात तोच प्रश्न विचारणारा मुलगा धावत आला. भालकीच्या रस्त्याला उसाची एक बैलगाडी उभी होती. डनलॉपची गाडी म्हणतो आपण तसली. तिचा एक टायर वेगळाच दिसत होता, अंगाने जाड आणि नक्षीऐवजी सरळ रेघा असलेला. गाडीवान म्हणाला, “विमानाचा आहे हो. माझ्या बापानं भंगारबाजारातनं आणला. झिजत नाही.” राजस्थानात उंटगाड्यांना विमानांचे जुने टायर सर्रास लावतात हे मी वाचले होते, आपल्या रस्त्यावर प्रथमच पाहत होतो. मुले खाली बसून त्यावरची अक्षरे लावू लागली. बरीचशी पुसली होती. एचटी-टूचा, की किरणचा, की आणखी कशाचा, यावर दोन तट पडले. गाडीवानाला कारखान्यावर नंबर लावायचा होता, तो घाई करू लागला. तेव्हा एकाने सुतळीने टायरची रुंदी मोजून घेतली, दुसऱ्याने वहीत लिहिली. ती सुतळी गाठ मारून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. पुढच्या सहलीला बंगळुरला जाताना बरोबर न्यायची असे ठरले आहे.